शहराची चूल

मराठीत 'हॉटेल' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुक्कामाची जागा येत नाही. चहाचा पेला आणि भज्यांची बशी येते. इंग्रजीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ मुंबईने आपल्या गरजेनुसार बदलून घेतला. या शहरात पोट भरण्यासाठी आलेल्या माणसाला पैसे मोजून राहण्याची खोली फारशी परवडणारी नव्हती. ओळखीच्या माणसाकडे, गावकऱ्यांच्या खोलीत, प्रसंगी जिन्याखाली तो पाठ टेकत असे. दोन वेळच्या जेवणाची सोय मात्र त्याला बाहेरच पाहावी लागे. म्हणून 'हॉटेल' म्हणजे खाण्याची जागा, हाच अर्थ येथे रूढ झाला.

एखाद्या शहरातील खाद्यपदार्थांचे वर्णन करताना सामान्यतः चवीचा विचार प्रथम केला जातो. अमुक ठिकाणची मिसळ झणझणीत, तमुक ठिकाणची बिर्याणी सुगंधी, अशी माहिती रसिक एकमेकांना देतात. मुंबईच्या बाबतीत हा मार्ग अपुरा ठरतो. येथील खाणावळी, इराणी हॉटेले, उडुपी उपाहारगृहे आणि रस्त्यावरच्या गाड्या यांपैकी कोणतीही गोष्ट मुळात चवीच्या हौसेतून जन्माला आलेली नाही. ज्यांच्याजवळ चूल नव्हती किंवा चूल पेटवण्याइतका वेळ नव्हता, अशा माणसांसाठी ती निर्माण झाली. तेथे कोण जेवत असे आणि त्याला घरी का जेवता येत नसे, हे समजून घेतले की शहराचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास ताटातूनच उलगडू लागतो.

हा इतिहास कापडगिरण्यांपासून सुरू करणे योग्य ठरेल. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि १८५६मध्ये ती प्रत्यक्ष सुरू झाली. पुढील काही दशकांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी या परिसरात गिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि या भागाला 'गिरणगाव' असे नाव पडले. गिरणीत काम करण्यासाठी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे आली. ती बहुतांशी एकटीच आली. बायकामुले गावी राहून शेती पाहत आणि पुरुष मुंबईहून मनिऑर्डर पाठवत. दहा बाय बाराच्या एका खोलीत दहा-पंधरा, क्वचित वीस माणसे राहत. पहिल्या पाळीचा कामगार कामावर निघाला, की त्याच्या जागेवर तिसऱ्या पाळीहून आलेला कामगार आडवा होई. अशा खोलीत प्रत्येकाने आपापला स्वयंपाक करणे केवळ अशक्य होते.

ही अडचण बायकांनी सोडवली. गिरणगावातील ज्या थोड्या घरांत कुटुंब राहत असे, तेथील स्त्रियांनी शेजारच्या एकट्या पुरुषांना जेवू घालण्यास सुरुवात केली. त्यांच्यात कामगारांच्या पत्नी होत्या, तशाच नवऱ्यामागे संसार ओढणाऱ्या विधवाही होत्या. यातून खाणावळ उभी राहिली. तिला पाटी नव्हती, टेबल-खुर्च्या नव्हत्या. चाळीतील तीच एक खोली. पाळी सुटली की तीत पंगत बसे आणि पंगत उठली की तीच खोली पुन्हा घर होई. जेवणाऱ्याला 'मेंबर' म्हणत. तो महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी देई. ताटात भात, आमटी, भाजी, भाकरी किंवा चपाती असे. कोकणातल्या माणसाला भाताबरोबर माशाचे कालवण हवे असे, निदान सुकट किंवा सुका बोंबील तरी. घाटावरच्या माणसाचे भाकरीवाचून भागत नसे. त्यामुळे प्रत्येक जण शक्यतो आपल्याच मुलखाची खाणावळ शोधी. तेथे जेवणाबरोबर गावची खबर मिळे, पावसाची आणि पिकाची चौकशी होई, नव्याने आलेल्या मुलाला कोणत्या खात्यात चिकटवावे याची बोलणी होत.

खाणावळ चालवणाऱ्या बाईचा हिशेब मात्र नाजूक होता. मेंबर महिनाअखेरीस पैसे देणार; तांदूळ, पीठ, तेल आणि रॉकेल आज आणले पाहिजे. वाणी उधारीवर माल देई, पण भाव चढा लावी. त्याने नकार दिला तर सावकाराचे दार होते आणि त्याचे व्याज जबर होते. पहाटे चारला उठून रात्री अकराला निजणाऱ्या या बाईच्या कामाची नोंद कोणत्याही कारखान्याच्या खतावणीत नव्हती. मापावर सूत काढणारा कामगार ठरे. त्याच्या पोटात अन्न घालणारी ठरत नसे. गिरण्यांमध्ये संप झाला की कामगाराचा पगार थांबे आणि त्याबरोबर खाणावळीचे पैसेही थांबत. तरीही संपाच्या काळात अनेक खाणावळवाल्यांनी अंगावरचा डाग गहाण टाकून आपल्या मेंबरांना जेवू घातले. कामगार चळवळीच्या इतिहासात या गोष्टीला जेवढे स्थान मिळायला हवे होते, तेवढे मिळालेले नाही.

गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांच्या हे लक्षात आले. १९७५मध्ये त्यांनी खाणावळवाल्या स्त्रियांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. १९६९मध्ये मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि लहान व्यावसायिकांना कर्ज द्यावे असे त्यांचे धोरण ठरले होते. परंतु तारण ठेवण्यासारखे काही नसलेल्या, अनेकदा सहीही न येणाऱ्या स्त्रीला बँकेच्या दारात उभे राहणेही अवघड होते. मंडळाने या स्त्रियांचे गट केले आणि गटाच्या जबाबदारीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या जागी बँक आली, ही घटना वरवर किरकोळ वाटते. पण महिन्याच्या व्याजातून सुटलेली रक्कम मुलांच्या शाळेकडे वळू शकते, हे ज्याने असा संसार पाहिला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. प्रेमा पुरव यांना २००२मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण क्षमतेने सुरू झाल्या नाहीत, कित्येक कायमच्या बंद पडल्या. मेंबर गावी परतले, तशा खाणावळीही एकामागून एक मिटल्या. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे उंच इमारती, कार्यालये आणि मोठाली व्यापारी संकुले उभी राहिली.

खाणावळीच्या अगदी उलट बाजूला डबेवाला उभा आहे. ज्याच्या घरी चूल होती, पण जो दुपारी घरापासून दूर कार्यालयात असे, त्याला घरचे अन्न पोहोचवण्याची व्यवस्था महादू हावजी बच्चे यांनी १८९०मध्ये सुरू केली. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या माणसांनी ही व्यवस्था सांभाळली. डब्यावर रंगाने काढलेली अक्षरे आणि अंक एवढ्यावर डबा अचूक ठिकाणी जातो आणि रिकामा होऊन परत येतो, याचे कौतुक देशोदेशी झाले आहे. येथे तिची नोंद घ्यायची ती एका कारणासाठी: ही सारी व्यवस्था लोकलगाडीच्या वेळापत्रकावर उभी आहे. गाडी थांबली की डबा थांबतो.

खाणावळीत मुलूख महत्त्वाचा होता. इराण्याच्या हॉटेलात तो महत्त्वाचा नव्हता, आणि हेच त्याचे मोठेपण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी इराणमधील यझ्द आणि केरमान या प्रांतांतून झरथुष्ट्री कुटुंबे मुंबईत आली. त्यांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवरील जागा घेतल्या. कोपऱ्यावरची जागा अशुभ, असे मानून हिंदू व्यापारी ती टाळत असत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. दोन रस्त्यांकडे दारे उघडणाऱ्या या जागेत उजेड भरपूर असे आणि येणारा-जाणारा सहज आत वळे. संगमरवरी माथ्याची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतींवर मोठे आरसे आणि गल्ल्यावर बसलेला मालक, असे त्याचे रूप ठरून गेले. मस्का लावलेला ब्रून पाव, खारी, मावा केक आणि दाट चहा हे मुख्य पदार्थ. धोबीतलावची 'कयानी अँड कंपनी' १९०४मधील, तर बॅलार्ड इस्टेटमधील 'ब्रिटानिया' १९२३मधील. आंबटगोड इराणी बेरी घातलेला तेथील पुलाव प्रसिद्ध आहे.

परंतु इराण्याचे महत्त्व केवळ पदार्थांत शोधणे चुकीचे ठरेल. त्या काळी हिंदू समाजात कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, याचे नियम कडक होते. अनेक हॉटेलांच्या पाट्यांवर मालकाची जात लिहिलेली असे. ती ग्राहकाला दिलेली हमी असे आणि दुसऱ्या कोणाला दिलेला नकारही असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला कित्येक ठिकाणी आत प्रवेश नव्हता, किंवा त्याच्यासाठी कप वेगळा ठेवलेला असे. इराणी या साऱ्या उतरंडीच्या बाहेरचा. त्याच्याकडे आणा टाकणाऱ्याला चहा मिळे. जात विचारण्याचे त्याला कारण नव्हते. गोदी कामगार, कारकून, टांगेवाला आणि कवी एकाच टेबलावर, एकाच तऱ्हेच्या कपातून चहा पिऊ लागले. १९५०मध्ये अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली. संविधान लिहिणाऱ्यांना उपाहारगृहाचा असा स्वतंत्र उल्लेख करावासा वाटला, यातच त्या दाराशी झालेल्या अपमानांची कल्पना येते.

एकेकाळी शेकड्यांनी असलेली इराण्यांची हॉटेले आता अगदी थोडी उरली आहेत. कोपऱ्यावरची जागा आता अशुभ राहिलेली नाही, ती अत्यंत मोलाची झाली आहे. एका कपावर तासभर बसणारे गिऱ्हाईक अशा जागेचा खर्च भरून काढू शकत नाही. शिवाय नव्या पिढीने इतर व्यवसाय पत्करले.

उडुपी उपाहारगृहांची वाट याहून वेगळी. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील उडुपी हे कृष्णमंदिरासाठी आणि तेथील मठांच्या पाकपरंपरेसाठी प्रसिद्ध असलेले गाव. त्या परिसरातून मुंबईत आलेल्या मंडळींनी इडली, डोसा, मेदुवडा आणि सांबार हे पदार्थ शहराच्या अंगवळणी पाडले. दक्षिणेतून आलेले नोकरदार मोठ्या संख्येने राहत असलेल्या माटुंगा भागात १९४०च्या सुमारास अशी अनेक उपाहारगृहे सुरू झाली; ए. रामा नायक यांचे 'श्रीकृष्ण बोर्डिंग' १९४२मधील. केळीच्या पानावर वाढलेले साधे शाकाहारी जेवण हे तेथील वैशिष्ट्य आजही टिकून आहे. उडुपी हॉटेल शहरभर पसरले याचे कारण त्याच्या कामाच्या पद्धतीत आहे. पीठ रात्री वाटून ठेवता येते, सकाळी मागणी येताच पदार्थ काही मिनिटांत तयार होतो, चव रोज सारखी राहते आणि ग्राहक लवकर उठतो. घाईत असलेल्या शहराला याहून सोयीचे काय असणार?

या हॉटेलांत काम करणारी मुले बारा-चौदा वर्षांची असताना गावाहून येत. टेबल पुसणे, कपबशा विसळणे, मग चहा देणे आणि पुढे गल्ल्यावर बसणे, अशा पायऱ्या असत. ती हॉटेलातच झोपत. त्यांच्यासाठी फोर्ट भागात कन्नड माध्यमाच्या रात्रशाळा चालू झाल्या. १९०८मध्ये सुरू झालेली मोगवीर समाजाची मोफत रात्रशाळा ही त्यांतील जुनी. दिवसभर हॉटेलात राबून रात्री दिव्याखाली अभ्यास केलेल्या या मुलांपैकी कोणी बँकेत लागले, कोणी वकील झाले, कोणी स्वतःचे हॉटेल काढले. इतक्या लहान वयात मुलांना कामाला लावणे आज कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसा असणेच योग्य. पण काम करत करत शिकण्याची जी जिद्द त्या शाळांत दिसली, तिची नोंद शहराच्या शैक्षणिक इतिहासात असायला हवी.

मराठी उपाहारगृहांचा पसारा त्या मानाने लहान राहिला. दादरचे 'मामा काणे' १९१०मधील. बटाटेवडा, साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी आणि पियुष हे पदार्थ अशा उपाहारगृहांनी लोकप्रिय केले. ते मुख्यतः मध्यमवर्गीय वस्तीच्या आसपासच राहिले.

याच दादरमध्ये मुंबईच्या खाद्यजीवनातील सर्वांत मोठी घडामोड झाली आणि ती उपाहारगृहात न होता स्थानकाबाहेर झाली. १९६६मध्ये अशोक वैद्य यांनी दादर स्थानकाजवळ आपल्या गाडीवर बटाटेवडा पावात घालून विकण्यास सुरुवात केली. बटाटेवडा नवा नव्हता, पावही नवा नव्हता. नवे होते ते दोहोंचे एकत्र येणे. बशी नको, चमचा नको, बसण्याची जागा नको. एका हातात वडापाव आणि दुसऱ्या हाताने लोकलच्या दाराचा दांडा धरलेला, अशा स्थितीतही तो खाता येतो. लसणाची सुकी चटणी आणि तळलेली हिरवी मिरची यांमुळे अगदी साध्या घासालाही चव येते. आणि मुख्य म्हणजे पोट भरते.

वडापाव अस्सल मराठी पदार्थ मानला जातो आणि ते खरेच आहे. पण त्याचे घटक पाहिले तर गंमत वाटते. बटाटा आणि मिरची या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या, त्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर आल्या. 'बटाटा' आणि 'पाव' हे दोन्ही शब्दही पोर्तुगीज भाषेतून आले. हरभऱ्याचे पीठ आणि वडा तळण्याची रीत तेवढी इथली. पावाबद्दल तर कोकणात आणि वसईकडे एके काळी मोठी धास्ती होती. विहिरीत पाव टाकला आणि नकळत ते पाणी प्यायले, की सारा गाव बाटला, अशी समजूत होती. ज्या पावाने धर्म जातो असे आजोबा मानत, तोच पाव नातू उपासाचा दिवस सोडून रोज खातो. अन्नाविषयीचे नियम किती अढळ वाटतात आणि किती मुकाट्याने बदलतात, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

१९८२च्या संपानंतर नोकरी गेलेल्या अनेक गिरणी कामगारांनी वडापावची गाडी टाकली. भांडवल थोडे लागे, कौशल्य घरातच होते. पहाटे घरी बटाटे उकडायचे आणि सारण तयार करायचे, हे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. बेकरीतून लादीपाव दिवसातून दोनदा येतो आणि त्याचे पैसे पुष्कळदा संध्याकाळच्या विक्रीनंतर चुकते होतात. गाडीवर वडे तळायचे तेही थोडेथोडे, कारण गार वडा कोणी घेत नाही आणि उरलेले सारण दुसऱ्या दिवशी चालत नाही. गाडीची जागा स्थानकाच्या जिन्याजवळ असेल तर धंदा होतो. तीच शंभर पावले आत सरकली तर निम्म्यावर येतो. रस्त्यावरच्या विक्रेत्याची खरी मालमत्ता त्याच्या कढईत नसते. ती असते त्याच्या जागेत, आणि नेमकी तीच त्याच्या मालकीची नसते.

चौपाटीवरची भेळ, रमजानच्या महिन्यात मिनारा मशिदीजवळ रात्रभर जागणारा खाद्यबाजार, झवेरी बाजारालगतची खाऊगल्ली, कार्यालयांबाहेर बारा ते तीन या वेळेत उभ्या राहणाऱ्या डोसा-पोळीभाजीच्या गाड्या, या प्रत्येकाची हकिकत निराळी आहे. परंतु जागेचा प्रश्न सर्वांना समान आहे. परवाना नसलेल्या विक्रेत्याचा दिवस 'गाडी आली' या दोन शब्दांच्या धाकात जातो. ही गाडी महापालिकेच्या अतिक्रमण विभागाची. ती दिसताच सामान उचलून पळावे लागते. पकडले गेल्यास माल जातो, दंड भरावा लागतो आणि पुन्हा उभे राहण्यासाठी उसने पैसे काढावे लागतात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पदपथ हा चालणाऱ्यांसाठी असतो. वृद्ध, अपंग आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या स्त्रिया यांना गाड्यांमुळे रस्त्यावर उतरून वाहनांमधून वाट काढावी लागते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. पूल पुरेसा रुंद नव्हता, हे दुर्घटनेमागचे उघड कारण. पण त्यानंतर सर्वच स्थानकांच्या परिसरातील गर्दीचा विचार ऐरणीवर आला आणि फेरीवाल्यांविरुद्ध मोठी मोहीम झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून दीडशे मीटरच्या आत विक्री करण्यास मनाई कायम केली. ज्या प्रवाशासाठी वडापाव जन्मला, त्याच्यापासून तो दीडशे मीटर दूर गेला. निदान कागदावर तरी.

कायद्याने विक्रेत्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. १९८९मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणे हा संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाखालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला. मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात आणि एखाद्या ठरावीक जागेवर कोणाला हक्क सांगता येत नाही, असेही स्पष्ट केले. पुढे २०१४मध्ये संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा कायदा केला. शहरातील विक्रेत्यांचे दर पाच वर्षांनी सर्वेक्षण व्हावे, सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवू नये, विक्रीची क्षेत्रे नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने ठरावीत, आणि त्या समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, अशा त्याच्या प्रमुख तरतुदी आहेत. विक्रेत्यांच्या प्रतिनिधींत एकतृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे.

या कायद्यानुसार शहराने आपल्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असा निकष आहे. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने ही संख्या तीन लाखांवर जाते. २०१४च्या सर्वेक्षणात महापालिकेकडे सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीनंतर, २०२४मध्ये समितीच्या निवडणुकीसाठी तयार झालेल्या मतदारयादीत सुमारे ३२ हजार नावे होती. रहिवासाचा पुरावा नाही, जुनी पावती नाही, अमुक दाखला नाही, अशा कारणांनी बाकीचे अर्ज मागे पडले. ज्या माणसाचे सामान वर्षातून चार वेळा जप्त होते, त्याच्याकडे वीस वर्षांपूर्वीची पावती मागणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रशासनाने करायला हवा.

मार्च २०२०मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागू झाली आणि गाड्या, हॉटेले, डबे असे सारे एकाच वेळी थांबले. मुंबईची लोकल सर्वसामान्य प्रवाशांसाठी दीर्घकाळ बंद राहिली आणि त्यामुळे अनेक डबेवाल्यांना गावी परतून शेतीत किंवा मिळेल त्या मजुरीत दिवस काढावे लागले. १ जून २०२० रोजी केंद्र सरकारने 'पीएम स्वनिधी' योजना सुरू करून पथविक्रेत्यांना सुरुवातीला १० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज देऊ केले. खाणावळवाल्या स्त्रियांसाठी १९७५मध्ये जे मागावे लागले होते, ते आता सरकारी योजनेच्या रूपाने आले. मात्र त्यासाठीही विक्रेता असल्याचे प्रमाणपत्र किंवा महापालिकेचे शिफारसपत्र लागत असे.

स्वच्छतेचा मुद्दा टाळून चालणार नाही. उघड्यावरचे पाणी आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल यांमुळे आजार होतात, ही तक्रार रास्त आहे. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये लहान विक्रेत्यालाही नोंदणी करावी लागते. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात पदार्थ बांधू नयेत, अशी सूचना देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६मध्ये दिली. तरीही अनेक गाड्यांवर जुने वर्तमानपत्रच दिसते, कारण ते सर्वांत स्वस्त पडते. स्वच्छ पाण्याचा नळ आणि कचऱ्याची पेटी या गोष्टी मात्र विक्रेता एकट्याने उभारू शकत नाही. जेथे नेमून दिलेली जागा आहे तेथेच त्या येऊ शकतात. म्हणजे स्वच्छतेचा प्रश्नही फिरून जागेपाशीच येतो.

पावाच्या भट्टीवरही आता बदलाची वेळ आली आहे. लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांमुळे हवा दूषित होते, म्हणून त्यांनी सहा महिन्यांत वायू किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये दिला. बेकरीमालकांचे म्हणणे असे, की भट्टी बदलण्याचा खर्च मोठा आहे आणि लाकडाच्या भट्टीतल्या पावाची कड व वास दुसऱ्या कशाने येत नाही. भट्टीशेजारच्या चाळीत राहणाऱ्याला मात्र त्या धुराचा वास चोवीस तास सोसावा लागतो. पावाचा भाव रुपयाने वाढला तर वडापावचा भाव वाढतो, आणि त्यावर दुपार काढणाऱ्याला तो रुपयाही जाणवतो.

गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत आज हजारो माणसे काम करतात. त्यांच्यासाठी भोजनकक्ष असतात. मोबाइलवर मागणी नोंदवली की जेवण टेबलापर्यंत येते. इमारतीचे सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि दुचाकीवरून जेवण पोहोचवणारी मुले यांची सोय मात्र फाटकाबाहेर असते. यांतील पुष्कळ जण उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि मराठवाडा या भागांतून एकटेच आलेले, एका खोलीत आठ-दहा जण राहणारे. लालबाग-परळच्या उरलेल्या चाळींत काही स्त्रिया अजूनही महिन्याच्या बोलीवर डबे देतात. मेंबरांची नावे आणि गावे बदलली आहेत. पैसे पूर्वीप्रमाणेच पगार झाल्यावर मिळतात.